पायावरची जांभळी रेघ

नागपुरात नर्सिंग शिकून मी बाहेर पडले आणि पहिली नोकरी मिळाली ती आर्वीच्या रस्त्यावरच्या एका लहान गावातल्या दवाखान्यात. आमचा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. दवाखान्याच्या छापील कागदांवर मात्र जुन्याच राज्याचं नाव होतं. ते शाईने खोडून वर नवीन नाव लिहायचं, हे माझं सकाळचं पहिलं काम असे. वडील वर्ध्याला शाळामास्तर. मुलगी नर्स होते म्हणून नातेवाइकांनी नाकं मुरडली, पण वडील मला मोटारीत बसवून द्यायला स्वतः आले आणि ट्रंक टपावर नीट बांधली की नाही ते दोनदा वर चढून पाहून गेले.

दवाखाना म्हणजे बारा खाटांचा कौलारू वॉर्ड, एक ऑपरेशनची खोली, औषधांची खिडकी आणि मागे विहीर. माणसं चारच. डॉक्टर, कंपाउंडर, मी आणि एक आया. मला तिथे फार बरं वाटायचं. कामाला अंत नव्हता, पण प्रत्येक काम आपल्या हाताने होतं आणि त्याचं काय झालं ते आपल्या डोळ्यांनी दिसतं, हे सुख मला नागपूरच्या मोठ्या वॉर्डात कधी मिळालं नव्हतं.

डॉक्टर पन्नाशीचे. लढाईच्या काळात ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. तिथल्या गोष्टी ते सांगत नसत. पण तिथे जे शिकले ते मात्र मला बसवून शिकवत. एकदा दुपारी वॉर्ड शांत असताना त्यांनी स्वतःच्याच हाताचं नख माझ्यासमोर धरलं, दाबलं, सोडलं.

"पांढरं झालं. आता लाल किती वेळात झालं?"

"लगेच झालं, सर."

"जखमी माणसाचं लगेच होत नाही. सिस्टर, रक्त कमी पडलं की शरीर आधी कातडीचं तोडतं, मग मूत्रपिंडाचं. मेंदूला आणि काळजाला शेवटपर्यंत देत राहतं. त्यामुळे दंडावर मोजलेला रक्तदाबाचा आकडा बरा दिसतो आणि आपण खूश होतो. तेव्हा पायांना हात लावून पाहायचं. नख दाबायचं. लघवी तासाला किती होते ते मोजायचं. या तीन गोष्टी सुधारल्या तर माणूस सुधारला म्हणायचं."

मी वहीत लिहून घेतलं. खरं सांगायचं तर तेव्हा मला ते परीक्षेच्या उत्तरासारखंच वाटलं होतं.

कापसाचा हंगाम ऐन भरात होता. रस्त्याने दिवसभर बंड्या जात. पांढऱ्या कापसाने इतक्या फुगलेल्या की पुढचे बैल दिसायचे नाहीत. एके दिवशी बाराच्या सुमाराला वर्ध्याहून येणारी मोटार स्टँडवर न जाता सरळ आमच्या फाटकाशी येऊन थांबली. कंडक्टर आणि तीन-चार उतारूंनी एका माणसाला घोंगडीत घालून खाली उतरवलं. मागून त्याची बायको उतरली. तिच्या लुगड्याला कापूस चिकटलेला होता आणि कापसावर रक्त.

नाल्याच्या उतारावर त्यांची भरलेली बंडी उलटली होती. चाक उजव्या मांडीवरून गेलं होतं, हाड मोडलं होतं, आणि बंडीच्या कडेचा लाकडी खुंट मांडीच्या मागून आत घुसला होता. माणूस तिशीचा, अंगाने काटक. चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर गार घाम. नाडी इतकी बारीक आणि वेगाची की मला ती दोनदा हरवली.

डॉक्टरांनी एक क्षण वाया घालवला नाही. जखमेत कापड ठासून पट्टी बांधली, पायाला लोखंडी खपाची, म्हणजे हाडाला आधार देणारी पट्टी, लावून ताणून ठेवलं, दुखणं कमी करायला सुई टोचली आणि हाताच्या शिरेतून सलाइन सुरू केलं. लघवीसाठी रबरी नळी घालून ती काचेच्या बाटलीत सोडली. रक्तदाब सत्तर होता.

"रक्त लागेल," डॉक्टर म्हणाले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. मोटार अजून उभीच होती. "या माणसाला रक्त पाहिजे. कोण देतं?"

त्या काळी रक्त द्यायचं म्हटलं की माणसं घाबरत. पण ज्यांनी त्याला घोंगडीत उचलून आणलं होतं त्यांना आता तसंच निघून जाणं जड जात असावं. आधी कंडक्टर पुढे आला, मग कपड्यांचं गाठोडं घेऊन फिरणारा एक धिप्पाड फेरीवाला. डॉक्टरांनी काचपट्टीवर थेंब थेंब घेऊन जुळवून पाहिलं. दोघांचंही जुळलं. दोन बाटल्या भरल्या. आयाने दोघांना गूळ घातलेला चहा दिला. मोटार तासभर उशिरा सुटली, पण आतून कोणी ओरडलं नाही. जाताना कंडक्टर खिडकीतून वाकून मला म्हणाला, "बाई, उद्या याच टायमाले येतो. माह्या रक्ताचं काय झालं थे सांगजा."

पहिली बाटली लावली न लावली तोच दुसरं संकट उभं राहिलं. सकाळपासून प्रसूतीसाठी आलेली एक बाई आत अडली होती. बाळाचे ठोके मंद व्हायला लागले होते. डॉक्टरांना पोट उघडून बाळ काढण्याशिवाय मार्ग नव्हता, आणि गुंगी द्यायला कंपाउंडर हवाच होता. दोघंही ऑपरेशनच्या खोलीत जाणार म्हणजे वॉर्डात मी आणि आया.

दारात थांबून डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, हा तुमच्याकडे. चांगला पाय बघत राहा, मोडलेला नाही. मोडलेला पाय त्याच्या दुखापतीमुळे गार असू शकतो. दर अर्ध्या तासाला बघा. आणि शेकोटी, गरम बाटल्या काही लावू द्यायचं नाही."

मग दार बंद झालं.

मी त्याच्या डाव्या पायावरून हात फिरवला. मांडी कोमट होती, गुडघ्याखाली एकदम गार, विहिरीच्या दगडासारखी. ऊब जिथे संपत होती तिथे मी कापूस बुडवलेल्या काडीने जांभळ्या औषधाची आडवी रेघ ओढली. अंगठ्याचं नख दाबून सोडलं आणि मनात मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. तेव्हा कुठे जरा रंग आला. लघवीच्या बाटलीत तळ झाकेल इतकंही नव्हतं.

त्याची बायको खाटेच्या पायथ्याशी बसली होती. माझ्याच वयाची असेल. रडत नव्हती, पण तिचे हात स्वस्थ नव्हते. लुगड्याला चिकटलेला कापूस ती एकेक बोंडासारखा वेचून काढत होती.

"बाई, शेगडी आणू का? पाय लई गार हायेत त्याईचे."

"नको ग. बाहेरून शेकलं तर कातडी गरम लागेल आणि मला वाटेल बरं झालं. शिवाय गार पडलेल्या कातडीला चटका बसला तर त्याला कळणारही नाही. आतून ऊब आली पाहिजे. ती आली की आपल्याला कळेल."

"कसं कळते?"

मी तिचा हात धरून त्याच्या पायावर ठेवला आणि हळूहळू खाली सरकवला. "इथे कोमट आहे. आता इथे बघ."

"इथून गार लागते," ती म्हणाली. बरोबर रेघेवरच तिचा हात थांबला होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे शेवटच्या वाफ्यात पाणी पोचून नाई राह्यलं."

मी वहीत जे लिहून घेतलं होतं ते मला खऱ्या अर्थाने तिच्या या वाक्याने समजलं. तिच्या घरची संत्र्याची लहानशी बाग होती हे मला नंतर कळलं. मोटेचं पाणी पाटाच्या शेवटापर्यंत जातं की नाही हे पाहायचं काम तिचं होतं.

पहिली बाटली निम्मी झाली तशी ऊब खाली उतरायला लागली. पोटरीच्या मध्यावर दुसरी रेघ ओढली. रक्तदाब नव्वद, मग शंभर. नख तीन मोजेपर्यंत भरायला लागलं. मी आयाला म्हटलंसुद्धा, "होतंय बरं."

त्याच वेळी त्यांच्या गावचे मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारे जुने जमीनदार, आले. मालगुजारी जाऊन काही वर्षं झाली होती, पण लोक त्यांना अजून मालगुजारच म्हणत. पांढरं धोतर, काळा कोट, हातात काठी. माणूस मनाने चांगला. बातमी कळताच जीप घेऊन आला होता.

"डॉक्टर कुठी हायेत?"

"ऑपरेशन चाललंय. दीड-दोन तास लागतील."

"मंग इथं काऊन ठेवता? माही जीप उभी हाय. तीन घंट्यात नागपूर. मोठा दवाखाना, मोठे डॉक्टर. रक्तदाब किती हाय याचा?"

"शंभर."

"शंभर म्हंजे चांगला ना? मंग उचला."

बावीस वर्षांची पोरगी मी, आणि समोर तालुकाभर ज्यांचा शब्द चालतो असा माणूस. शिवाय त्यांचं म्हणणं उघड चुकीचं नव्हतं. नागपूरला खरंच सगळं होतं. मी म्हटलं, "दहा मिनिटं थांबा. मी एकदा पाहते."

मी पुन्हा पायावर हात फिरवला. ऊब पोटरीच्या रेघेपर्यंत यायला हवी होती, आली नाही. रेघेच्या बरंच वर पाय गार लागला. तिथे मी घाईत आणखी एक रेघ ओढली. मला वाटलं माझेच हात गारठले. थंडीचे दिवस होते, खिडकीतून वारा येत होता. मी हात चोळले आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या चादरीत हात घातला. तो खोकल्याच्या आजारातून बरा होऊन दुसऱ्या दिवशी घरी जाणार होता.

"माहे पाय काऊन पायता बाई? मले तं खोकला हाय," तो दचकून म्हणाला.

त्याचे पाय घोट्यापर्यंत उबदार होते. म्हणजे दोष थंडीचा नव्हता.

"तू बघ ग," मी त्या बाईला म्हटलं. तिने हात ठेवला, खाली नेला, परत वर आणला. तिचा चेहरा उतरला. "बाई, गार वर चढून राह्यलं."

मी पुन्हा रक्तदाब घेतला. शंभरच. अंगठ्याचं नख दाबलं. पुन्हा पाच मोजावे लागले. लघवीच्या बाटलीत मघापासून एक थेंब वाढला नव्हता. आकडा एक सांगत होता आणि पाय दुसरंच. रक्त कुठेतरी जातंय. कुठे? मी पट्टी पाहिली. वरून पांढरीशुभ्र. दर वेळी मी वरूनच पाहत आले होते. जखम तर मांडीच्या मागच्या बाजूला होती.

मी घोंगडी दूर केली आणि त्याच्या कमरेखाली हात घातला. हात मनगटापर्यंत रक्तात बुडाला. खाली अंथरलेल्या रबरी कापडाला त्याच्या वजनाने खोलगा पडला होता, आणि त्या खोलग्यात रक्त साचत होतं. दाब वाढला तशी बंद झालेली शीर पुन्हा सुटली होती. गादी कोरडी, पट्टी कोरडी, जमिनीवर थेंब नाही. आम्ही सगळे खाटेभोवती उभे असताना तो माणूस गुपचूप रिकामा होत होता.

मी स्वच्छ कापडाचा बोळा जखमेत घातला आणि त्यावर मूठ रोवून सगळ्या ताकदीने दाबून धरलं. आयाला ओरडून सांगितलं, "डॉक्टरांना सांग, मागची जखम सुटली आहे, मी दाबून धरली आहे!"

ती धावली. परत आली ती निरोप घेऊन. "दहा मिन्टं दाबून ठेवा म्हणते. बाळ निघालं, टाके घालून येतो."

आता माझे दोन्ही हात अडकले होते. दुसरी बाटली लावायची ती आयाला तोंडाने सांगत लावून घेतली. खाटेचा पायथा उंच करायला हवा होता. मी मान वर करून पाहिलं तर मालगुजार तसेच उभे होते, काठी धरून, ओठ कोरडे पडलेले.

"दादासाहेब, विहिरीजवळ विटा आहेत. चार आणा. खाटेच्या या दोन पायांखाली लावायच्या आहेत."

हे मी त्यांना सांगतेय हे मलाच नंतर जाणवलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि गेले. कोटाला विटांची लाल माती लागलेली, छातीशी चार विटा धरून ते परत आले. शेजारच्या म्हाताऱ्याने खोकत खोकत खाटेचं एक टोक उचललं, मालगुजारांनी दुसरं. आयाने विटा सरकवल्या.

मनगट सुन्न झालं होतं. तेवढ्यात बंद दाराआडून बाळ रडलं. आधी बारीक, मग चांगलं खणखणीत. वॉर्डातल्या सगळ्यांनी त्या दाराकडे पाहिलं. खाटेजवळची ती बाई पहिल्यांदाच रडली.

"पायावरचा हात काढू नको," मी तिला म्हटलं. "काय लागतं ते सांगत राहा."

"सांगतो बाई," ती नाक पुसत म्हणाली. "वर नाई चढलं आखीन. तिथंच हाय."

थोड्याच वेळात डॉक्टर आले, अंगावर ऑपरेशनचा झगा तसाच. बोळा काढला, सुटलेली शीर शोधली आणि बांधली. मी बाजूला झाले तेव्हा माझी मूठ उघडेना, ती आयाने एकेक बोट सोडवून उघडली.

डॉक्टरांनी त्याच्या डाव्या पायाकडे पाहिलं. गुडघ्यावर रेघ, पोटरीवर रेघ आणि दोन्हींच्या मध्ये मी घाईत ओढलेली वाकडी रेघ.

"हे काय आहे?"

"ऊब कुठपर्यंत आली त्याच्या खुणा, सर. खाली जाऊन परत वर आली, म्हणून घोंगडी काढून पाहिलं."

डॉक्टरांनी खाली बसून त्या तीन रेघांवरून अंगठा फिरवला. मग मालगुजारांकडे वळून म्हणाले, "जीपमध्ये घातला असता तर नागपूरच्या वाटेवरचं सेलू गाठेपर्यंत संपला असता."

मालगुजारांनी मान हलवली. "मले तं शंभर चांगलंच वाटलं होतं, डॉक्टरसाहेब."

"कोणालाही वाटलं असतं," डॉक्टर म्हणाले. आणि विषय तिथेच संपवला.

दुसरी बाटली चालू राहिली. आता रेघा एकाखाली एक उतरायला लागल्या. ते काम मी त्या बाईकडेच दिलं होतं. ती ऊब शोधायची, बोट ठेवायची, मी रेघ ओढायची. पोटरी ओलांडली, नडगीच्या खाली गेली, घोट्याशी आली. चारच्या सुमाराला बाटलीत लघवीची बारीक धार लागली. आयुष्यात लघवी पाहून इतका आनंद झालेला मला आठवत नाही. मी औषधाच्या मापात ओतून मोजली. एका तासात औंसभर. कागदावर आकडा लिहिताना माझं अक्षर शाळेतल्यासारखं गोल आलं.

उन्हं व्हरांड्यातून मागे सरकली तेव्हा ती बाई एकदम म्हणाली, "बाई, बोटं! बोटं कोमट लागून राह्यली."

मी नख दाबलं. सोडलं. लगेच लाल झालं. मी मोजायला सुरुवात केली होती, एकसुद्धा पूर्ण म्हणता आला नाही.

त्याने डोळे उघडले. मी त्याचे ओठ ओले केले तेव्हा त्याने जीभ फिरवली आणि काहीतरी पुटपुटला. मी कान जवळ नेला.

"बैल कुठी हायेत?"

"बैलाले काई नाई झालं," बायको म्हणाली. "घरी नेले त्याईले. तुमी पडा चूप." आणि मग पदर तोंडाला लावून ती हसायला लागली. शेजारचा म्हातारा हसला, आया हसली, मालगुजारही हसले. मला तर हसू आवरेचना, दिवसभराचा ताण सगळा त्यातून निघाला.

दुसऱ्या दिवशी मोटार फाटकाशी थांबली. कंडक्टर स्वतः आत आला, खाटेजवळ उभा राहून त्याने त्या माणसाला नीट न्याहाळलं आणि म्हणाला, "आता चांगला दिसून राह्यला." मग शिट्टी वाजवत परत गेला. पुढे कित्येक दिवस तो स्टँडवर लोकांना आपल्या रक्ताची हकिगत सांगत असे असं कानावर आलं.

मोडलेली मांडी जुळायला तीन महिने लागले. एवढा काळ ती बाई दवाखान्यातच राहिली. ऑपरेशन झालेली ओली बाळंतीण अशक्त होती आणि तिच्याबरोबर फक्त एक थकलेली सासू होती, म्हणून पहिले पंधरा दिवस बाळाला न्हाऊ-माखू घालायचं काम हिनेच उचललं. बाळ मुलगी होती. सकाळी व्हरांड्यातल्या उन्हात ही त्या मुलीला मांडीवर घेऊन बसायची आणि खाटेवरून नवरा म्हणायचा, "पाय हलवून राह्यली पाय तं कशी!"

त्याचा पाय जरासा आखूड राहिला. चालताना किंचित झुकायचा, पण बंडी हाकायला त्याची अडचण झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात दोघं मला न्यायला आले. गिरडच्या दर्ग्याला तिने नवस बोलला होता, तो फेडायचा होता. "तुमी आल्याशिवाय नाई जात," तिने ठणकावून सांगितलं. डॉक्टरांनी दोन दिवसांची रजा दिली.

वर्ध्याला मोटार बदलून आम्ही गेलो. टेकडीवर तो काठी टेकत, न थांबता आमच्या पुढे चढला. वर चादर चढवली, हात जोडले. मग एका झाडाखाली तिने फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, आणि त्यांच्या बागेतली संत्री. संत्री इतकी गोड होती की मी चार खाल्ली. खालच्या पठारावर कापूस फुटलेला दिसत होता. कोणाला कुठे जायची घाई नव्हती. ती सोलत होती, तो फोडी वाटत होता, आणि मी खात होते.